घर तुमचं, जमीन पार्कची: कॅलिफोर्नियात मोबाइल होम घेणाऱ्यांनी सांभाळायचे हक्क

कॅलिफोर्नियात साधं स्वतंत्र घर घ्यायचं तर किती डॉलर मोजावे लागतात, हे बे एरियातल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे सॅन होजे, सनीवेल किंवा माउंटन व्ह्यूमध्ये दोन-तीन बेडरूमचं नीटनेटकं घर आजूबाजूच्या भावापेक्षा कितीतरी कमी किमतीत दिसलं की नजर तिथेच थांबते. जाहिरातीच्या तळाशी एक ओळ असते: मोबाइल होम, जागाभाडं वेगळं. नोकरीच्या गावात स्वतःचं छप्पर हवं असलेली तरुण जोडपी, मोठं घर विकून सुटसुटीत राहू पाहणारे निवृत्त लोक, मुलांच्या जवळ पण मुलांच्या घरात नको म्हणणारे आईवडील, असे सगळेच कधी ना कधी या ओळीपाशी येतात. ती नीट समजून न घेता सही केली, तर पुढे दर महिन्याला तिचा अर्थ कळत राहतो.

अर्थ असा, की घर तुम्ही विकत घेता, पण ते ज्या जागेवर उभं आहे ती पार्कमालकाची, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीच्या मालकाची, राहते आणि त्या जागेचे तुम्ही भाडेकरू होता. कन्व्हेयन्ससाठी बिल्डरमागे वर्षानुवर्षं हेलपाटे घातलेल्या मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल. मात्र तिथे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. कॅलिफोर्नियाच्या पार्कमध्ये तसा हक्क नाही. इथलं संरक्षण तीन ठिकाणी आहे: भाडेकरारात, राज्याच्या कायद्यात आणि शेजाऱ्यांच्या एकीत.

‘नाही पटलं तर घर उचलून दुसरीकडे नेऊ’ हा विचार मनातून काढून टाका. हे घर एकदा बसवलं की सहसा हलत नाही. ते सुटं करायचं, ट्रकवर चढवायचं, नव्या जागी पुन्हा जोडायचं, हा खर्च हजारो डॉलरचा असतो. त्यात जुनं घर घ्यायला दुसरं पार्क सहसा तयार होत नाही. ‘यी विरुद्ध एस्कोंडिडो शहर’ या १९९२च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवलं होतं, की शंभर मोबाइल होम्सपैकी जेमतेम एखादंच जागेवरून हलतं. त्या खटल्यात पार्कमालकांनी स्थानिक भाडेनियंत्रणाला आव्हान दिलं होतं आणि न्यायालयाने ते फेटाळलं.

घर हलत नाही आणि जमीन आपली नाही, त्यामुळे भाडं वाढलं की नुकसान दुहेरी होतं. समजा जागाभाडं महिन्याला २०० डॉलरने वाढलं. वर्षाचे २,४०० डॉलर तुमच्या खिशातून गेले, हा झाला पहिला फटका. तुमचं घर पाहायला आलेला गिऱ्हाईकही तोच हिशेब करतो आणि तेवढी किंमत पाडून मागतो, हा दुसरा. म्हणजे पार्कमालकाने भाडं वाढवलं की तुमच्या घराची किंमत त्याच्याकडे सरकते. मोठ्या गुंतवणूक कंपन्या अशी पार्कं का विकत घेतात, याचं कारण यात आहे. सामान्य भाडेकरूपेक्षा या घरमालकांसाठी वेगळा आणि कडक कायदा का लागला, याचंही.

कायदा कोणता आणि तो कुठे मिळतो

कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेत कलम ७९८ पासून पुढे ‘मोबाइलहोम रेसिडेन्सी लॉ’ आहे. पार्कमध्ये स्वतःचं घर असलेल्या माणसाची ही ढाल. कायद्याची प्रत भाडेकरारासोबत देणं व्यवस्थापनावर बंधनकारक आहे. आदल्या वर्षी कायद्यात महत्त्वाचा बदल झाला असेल, तर नव्या वर्षी १ फेब्रुवारीच्या आत रहिवाशांना तो कळवावा लागतो. राज्याच्या सिनेटची या विषयावरची समिती कायद्याची पुस्तिकाही काढते. ती मिळवून घरात ठेवा.

सगळ्यात आधी कलम ७९८.७७ लक्षात ठेवा. या कायद्याने दिलेला हक्क करारात लिहूनही सोडून देता येत नाही. तसं लिहून घेतलं तरी ते रद्दबातल ठरतं. ‘तुम्हीच सही केली आहे ना?’ असं मॅनेजर म्हणाला, तर तेवढ्यावर गप्प बसायचं कारण नाही.

इथे सांगितलेले नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. फ्लोरिडा, टेक्सास किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी ते आपल्याला लागू आहेत असं समजू नये, तिथला कायदा पाहावा.

घर बघायला जाल तेव्हा

घराचं स्वयंपाकघर आणि गालिचे सगळेच बघतात. तुम्ही आधी कागद बघा.

पहिला कागद मालकीचा. मोबाइल होमची नोंद बहुतेक वेळा राज्याच्या गृहनिर्माण आणि समुदाय विकास विभागाकडे (पुढे नुसतं ‘गृहनिर्माण विभाग’ म्हणू) असते. नेहमीच्या घरासारखं खरेदीखत नसतं, तर टायटल आणि नोंदणीपत्र असतं. विकणाऱ्याचं नाव त्यावर आहे का, कर्जाचा बोजा आहे का, कर थकलाय का, हे तपासा. आजोबांच्या नावावरचं घर नातवाने विकायला काढलंय आणि मधले कागद कधी बदललेच नाहीत, अशी उदाहरणं कमी नाहीत. घर काउंटीच्या मालमत्ता कराखाली असेल तर काउंटीकडून कर भरल्याचा दाखला मागा.

दुसरी गोष्ट घराचं वय आणि केलेले बदल. १५ जून १९७६ नंतर बांधलेली घरं केंद्र सरकारच्या बांधकाम मानकांखाली येतात, त्याआधीची येत नाहीत. कर्ज आणि विमा मिळवताना हा फरक नडतो. मागे काढलेली खोली, पोर्च, कारपोर्टचं छप्पर यांची परवानगी घेतली होती का, ते विचारा. विनापरवाना बांधकाम असेल तर तपासणीची नोटीस नव्या मालकाच्या नावाने येते.

तिसरी गोष्ट पार्कची. त्या जागेचं झोनिंग काय आहे, पार्क कोणत्या परवान्यावर चालतं, आणि पार्क चालवणाऱ्याने ती जमीन स्वतःच भाडेपट्ट्यावर घेतली असेल तर तो पट्टा कधी संपतो, ही माहिती लेखी देणं कलम ७९८.२७ नुसार व्यवस्थापनाला भाग आहे. पट्टा थोड्या वर्षांत संपत असेल तर घर कितीही सुंदर असलं तरी चार वेळा विचार करा.

चौथी गोष्ट भाड्याची. सध्याचा मालक जे भाडं देतो तेच तुम्हाला पडेल असं धरून चालू नका. घर विकल्यावर नव्या मालकाला भाडं वाढवून लावता येतं की नाही, हे त्या त्या शहराच्या वटहुकमावर ठरतं. तुम्हाला किती पडणार, वीज-पाणी-कचऱ्याचं बिल वेगळं किती, हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. त्यानंतरच ऑफर लिहा.

आणि एस्क्रो बंद होण्यापूर्वी, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी, भाडेकरारावर सही झालीच पाहिजे. करार न करता घर घेतलं, तर त्या घरात राहण्याचा तुमचा हक्कच उभा राहत नाही. घर तुमच्या नावावर आणि तुम्ही मात्र बेकायदा, अशी अवस्था होते.

करार: वर्षाचा मागा

भाडेकरार लेखी असावा लागतो. त्यात मुदत, भाडं, पार्कचे नियम आणि व्यवस्थापनाने सांभाळायच्या सोयी नमूद असाव्या लागतात. तुम्ही मागितलात तर १२ महिन्यांचा करार देणं व्यवस्थापनावर बंधनकारक आहे. त्याहून कमी मुदतीचाही मागता येतो. त्याहून लांबचा करार दोघांच्या संमतीनेच होतो.

लांबच्या कराराचा इतिहास माहीत असू द्या. पूर्वी एका वर्षापेक्षा मोठा करार केला की ते घर स्थानिक भाडेनियंत्रणाबाहेर जायचं. त्यामुळे काही ठिकाणी असेच करार पुढे सरकवले जायचे. २०२०च्या एका कायद्याने ही वाट बंद केली. १३ फेब्रुवारी २०२० पासून केलेल्या करारांना ती सूट नाही आणि १ जानेवारी २०२५ पासून ते कलमच गेलं. तुम्ही जुना पाच-दहा वर्षांचा करार केला असेल आणि तुमच्या शहरात भाडेनियंत्रण असेल, तर आता आपलं भाडं त्याखाली येतं का, हे शहराच्या भाडे विभागाला विचारा.

अनामत रक्कम पहिल्या वेळी दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेता येते. सलग १२ महिने भाडं आणि बिलं वेळेवर भरली की ती परत मागता येते. पण ती आपोआप परत येत नाही. लेखी मागावी लागते. ज्यांचे हे पैसे वर्षानुवर्षं पडून आहेत असे लोक पुष्कळ आहेत. आपलं वर्ष कधी पूर्ण झालं ते पाहा आणि पत्र पाठवा.

भाडेवाढ आणि बिलं

भाडं वाढवायचं तर ९० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी सांगणं, क्लबहाऊसच्या फळ्यावर कागद लावणं चालत नाही. नोटिशीची तारीख आणि वाढ लागू होण्याची तारीख यांत पुरेसं अंतर आहे का, हे स्वतः मोजा.

इथे एक मोठा गैरसमज आहे. अपार्टमेंटच्या भाड्यावर २०१९च्या कायद्याने राज्यभर मर्यादा घातली. अनेकांना वाटतं ती आपल्या जागाभाड्यालाही लागू आहे. सहसा तशी ती नाही. स्वतःचं मोबाइल होम असलेल्याच्या जागाभाड्याला आधार जवळपास फक्त स्थानिक नियमांचा. ते शहरागणिक बदलतात. सॅन होजेत वाढ महागाई निर्देशांकाच्या ७५ टक्क्यांशी बांधलेली आहे, किमान ३ आणि कमाल ७ टक्के. माउंटन व्ह्यूने २०२१मध्ये मोबाइल होम्ससाठी स्वतंत्र भाडेनियंत्रण आणलं. सनीवेलने त्याच वर्षी वटहुकमाऐवजी पार्कमालकांबरोबर करारनाम्याचा मार्ग धरला. रस्त्याच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा, असंही होतं. म्हणून घर घेताना पार्क कोणत्या शहराच्या हद्दीत आहे, की कुठल्याच शहरात नसून थेट काउंटीखाली आहे, हे पत्त्यावरून न ठरवता शहराच्या कार्यालयात विचारून घ्या.

भाड्याशिवाय काय आकारता येतं, यालाही कुंपण आहे. भाडं, वीज-पाणी-गॅस आणि प्रत्यक्ष दिलेल्या सेवेचा वाजवी आकार, एवढंच. करारात नसलेला नवा आकार लावायचा तर ६० दिवसांची नोटीस हवी. पार्कने एकच मोठा मीटर घेऊन घरोघर उपमीटर लावले असतील, तर वीज आणि गॅस कंपनी घरगुती ग्राहकाला जो दर लावते त्याच दराने बिल लावलं पाहिजे आणि तो दर पार्कमध्ये ठळकपणे लावलेला हवा. मीटर जोरात पळतोय असं वाटलं, तर काउंटीच्या वजनमाप खात्याकडे तपासणी मागता येते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीची वीजदर सवलत उपमीटरवाल्यांनाही मिळते. तुमच्या बिलात ती दिसत नसेल तर विचारा.

आईवडील आले तर?

मराठी घरांत हा प्रश्न हटकून निघतो. भारतातून आईवडील चार-सहा महिने राहायला आले, तर पार्क जादा पैसे घेऊ शकतं का? कलम ७९८.३५ चं उत्तर स्पष्ट आहे: निकटच्या कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर आकार लावता येत नाही. निकटचं कुटुंब म्हणजे तुम्ही, तुमचा जोडीदार, दोघांचे आईवडील, मुलं आणि १८ वर्षांखालची नातवंडं. म्हणजे सासूसासरे त्यात आले. भाऊ, मावशी, मित्र हे पाहुणे. त्यांचाही मुक्काम सलग २० दिवस किंवा वर्षात एकूण ३० दिवसांच्या आत असेल तर आकार नाही.

मात्र पैसे न लागणं आणि राहायला हरकत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात किती जणांनी राहावं याचा वाजवी नियम पार्क करू शकतं. ज्येष्ठांसाठी राखीव पार्कमध्ये वयाची अट असते. केंद्रीय कायद्यानुसार अशा पार्कच्या किमान ८० टक्के भरलेल्या घरांत ५५ किंवा त्याहून जास्त वयाची एक तरी व्यक्ती असावी लागते. तरीही अशा पार्कमधल्या ज्येष्ठाला देखभालीची गरज असेल, तर त्याच्याजवळ राहून काळजी घेणाऱ्या १८ वर्षांवरच्या व्यक्तीला ठेवता येतं. डॉक्टरांचं पत्र आधीच फाइलला लावून ठेवा, म्हणजे ऐन आजारपणात वाद नको.

रोजच्या राहण्यातले आणखी काही हक्क असे:

• तुमच्या लेखी संमतीशिवाय मॅनेजर घरात पाऊल टाकू शकत नाही. आणीबाणी किंवा टाकून दिलेलं घर, एवढेच अपवाद. जागेवर, म्हणजे अंगणात, नळ-वीज-झाडं यांच्या देखभालीसाठी तो योग्य वेळी येऊ शकतो.

• वीज-पाणी दोन तासांहून जास्त वेळ बंद ठेवून दुरुस्ती करायची असेल, तर ७२ तास आधी लेखी कळवावं लागतं. अचानक बिघाड झाला तर गोष्ट वेगळी.

• धोकादायक झालेलं झाड तोडणं किंवा छाटणं ही पार्कची जबाबदारी, मग ते तुमच्या जागेवर का असेना. ड्राइव्हवेची देखभालही पार्कची, तो तुम्ही खराब केला नसेल तर.

• पार्कचे नियम मॅनेजर आणि त्याच्या कर्मचाऱ्यांनाही तेवढेच लागू.

• नवा नियम आणायचा तर आधी रहिवाशांशी बैठक घ्यावी लागते. तुमची संमती नसेल तर तो सहा महिन्यांच्या नोटिशीनंतरच तुम्हाला लागू होतो. तरणतलाव, क्लबहाऊससारख्या करमणुकीच्या सोयींच्या नियमांना ६० दिवस पुरतात.

नोटीस आली तर घाबरू नका, पण झोपूही नका

पार्कमालकाला ‘निघा’ म्हणायला सात कारणंच कायद्याने दिली आहेत: स्थानिक किंवा राज्याच्या कायद्याचं पालन न करणं, इतरांना मोठा उपद्रव, पार्कमध्ये केलेले ठरावीक गुन्हे, पार्कचा वाजवी नियम मोडणं, भाडं किंवा बिल थकवणं, सरकारने जमीन संपादित करणं, आणि पार्कचा वापर बदलणं. याबाहेरच्या कारणाने, किंवा विनाकारण, काढता येत नाही. कारण नोटिशीत तपशिलाने लिहावं लागतं आणि घर विकायला किंवा हलवायला किमान ६० दिवस द्यावे लागतात.

नियम मोडल्याची पहिली नोटीस आली तर चूक सुधारायला सात दिवस मिळतात. कुंपण, कचऱ्याचा डबा, गाडी लावण्याची जागा, असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी लगेच दुरुस्त करा, फोटो काढा आणि मॅनेजरला ईमेलने कळवा. बारा महिन्यांत त्याच नियमाच्या नोटिसा साठत गेल्या की सुधारण्याची संधी संपते. किरकोळ नोटिशीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत तेव्हा मोजावी लागते.

भाड्याचं गणित आणखी घट्ट आहे. देय तारखेनंतर पाच दिवस गेले की तीन दिवसांची ‘पैसे भरा’ अशी नोटीस देता येते. त्या तीन दिवसांत भरलं की प्रकरण मिटतं. बारा महिन्यांत अशा तीन नोटिसा झाल्या, तर पुढच्या वेळी ही सवलत मिळत नाही. भारतात दीड-दोन महिने राहायला जाताना भाडं आपोआप वळतं होईल अशी बँकेत सोय करा आणि टपाल उघडायला विश्वासू शेजारी ठेवा. भाडेवाढीबद्दल वाद असला तरी भाडं रोखून धरू नका. ‘हक्क राखून भरत आहे’ असं लिहून भरा आणि मग भांडा.

नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. घराबाहेर काढण्याचा अधिकार न्यायालयाच्या आदेशानंतर शेरिफलाच आहे. मॅनेजरने कुलूप बदलणं किंवा वीज तोडणं बेकायदा आहे. पण न्यायालयाचा दावा हाती पडला, तर घड्याळ सुरू होतं. २०२५ पासून उत्तर द्यायला कामकाजाचे १० दिवस मिळतात. त्याच दिवशी वकील किंवा मोफत कायदा सेवा केंद्र गाठा. उत्तर दिलं नाही तर तुमची बाजू कितीही खरी असली तरी एकतर्फी निकाल लागतो.

विकताना

तुमचं घर विकण्याचा हक्क तुमचा आहे. त्यासाठी पार्कलाच दलाल नेमा, असं ते म्हणू शकत नाहीत. विक्रीची पाटी लावता येते, २४ बाय ३६ इंचांपर्यंत. केवळ विक्री होतेय म्हणून हस्तांतरण फी घेता येत नाही. घर जुनं झालंय एवढ्याच कारणाने ‘विकताय तर इथून हलवा’ असं सांगता येत नाही. त्यासाठी घर सुरक्षिततेच्या निकषांत नापास किंवा फारच मोडकळीला आलेलं असावं लागतं.

खरी अडचण येते ती गिऱ्हाइकाच्या मंजुरीत. घेणाऱ्याची भाडं भरण्याची ऐपत आणि पूर्वीच्या भाडेकरारांतलं त्याचं वागणं, एवढंच पाहून पार्कला नकार देता येतो. निर्णय १५ कामकाजी दिवसांत लेखी द्यावा लागतो आणि नकार असेल तर कारणासह. उत्पन्नाचा पुरावा मागता येतो, पण वैयक्तिक आयकर विवरणपत्र मागता येत नाही. अन्यायाने नकार देऊन तुमचा सौदा मोडला तर नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो. म्हणून गिऱ्हाइकाचा अर्ज दिल्याची तारीख लिहून ठेवा आणि पोच घ्या.

पार्कच विकायला निघालं किंवा बंद होणार असेल

पार्क बंद करून तिथे दुसरं काही बांधायचं तर मालकाला आधी अहवाल तयार करावा लागतो: रहिवाशांवर काय परिणाम होईल, त्यांना कुठे जागा मिळेल, किती भरपाई द्यायची. तो स्थानिक संस्थेच्या सुनावणीआधी किमान ६० दिवस रहिवाशांच्या हाती पडला पाहिजे. २०२०च्या सुधारणेपासून सगळ्यात महत्त्वाची तरतूद अशी आहे, की ज्याला दुसऱ्या पार्कमध्ये योग्य जागा मिळत नाही त्याला घराची ‘आहे त्या जागेवरची’ बाजारकिंमत द्यावी लागते. म्हणजे नुसत्या लाकूड-पत्र्याची किंमत नाही, तर त्या गावात, त्या शाळेजवळ असण्याचीही. मूल्यांकन कोण करतो आणि कशाच्या आधारे, यावर सुनावणीत बोला. एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून.

मिळून लढल्याने काय होतं याचं उदाहरण पालो आल्टोत आहे. तिथल्या ब्वेना व्हिस्टा पार्कच्या मालकांनी २०१२मध्ये ते बंद करण्यासाठी अर्ज केला. चारशेच्या आसपास माणसं, बहुतेक लॅटिनो कष्टकरी कुटुंबं, त्यांची मुलं पालो आल्टोच्या नावाजलेल्या शाळांत. रहिवाशांनी संघटना केली, मोफत कायदा सेवा देणाऱ्या संस्थेला सोबत घेतलं, शहराच्या आणि काउंटीच्या सुनावण्यांना हजेरी लावली. अखेर २०१७मध्ये सांता क्लारा काउंटीच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने शहराच्या आणि काउंटीच्या पैशांची जोड घेऊन सुमारे ४ कोटी डॉलरला पार्क विकत घेतलं. ते पार्क वाचलं.

संघटना: कायद्याची जी तरतूद फुकट वाया जाते

कलम ७९८.५० आणि ७९८.५१ रहिवाशांना पार्कमध्ये शांतपणे जमण्याचा, घरोघर पत्रकं वाटण्याचा, क्लबहाऊस बैठकीसाठी वापरण्याचा आणि तिथे लोकप्रतिनिधींना बोलावण्याचा हक्क देतात. त्यासाठी भाडं किंवा सफाईची अनामत घेता येत नाही.

त्याहून उपयोगाचं आहे कलम ७९८.८०. मालकाला पार्क विकायला काढायचं असेल, तर पुरेसं आधी रहिवासी संघटनेला कळवावं लागतं, म्हणजे ती स्वतः ते घेण्याचा प्रयत्न करू शकेल. पण अट आहे. संघटनेने आपल्या अध्यक्ष, सचिव आणि खजिनदाराची नावं-पत्ते आणि पार्क घेण्यात रस असल्याचं मालकाला लेखी कळवलेलं असलं पाहिजे आणि हे पत्र दरवर्षी नव्याने द्यावं लागतं. अनेक पार्कांत हे पत्र कुणी देतच नाही. एका पानाचं पत्र आणि नोंदणीकृत टपालाचा खर्च, एवढ्यात हा हक्क जिवंत राहतो.

राज्यभरात घरमालकांची जुनी संघटनाही आहे. गोल्डन स्टेट मॅन्युफॅक्चर्ड-होम ओनर्स लीग १९६२पासून काम करते आहे आणि कायद्यातल्या सुधारणांमागे तिचा पाठपुरावा आहे. तुमच्या पार्कात तिची शाखा आहे का, ते पाहा.

आपल्या माणसांना इथे एक सांगावंसं वाटतं. गणेशोत्सवाला हॉल मिळवणं, वर्गणी गोळा करणं, कामं वाटून घेणं हे आपल्याला उत्तम जमतं. तेच कसब पार्कच्या संघटनेत लावा. पण तिथे फक्त मराठी किंवा भारतीयांचा गट करू नका. मेक्सिकन आजी, व्हिएतनामी काका आणि तीस वर्षं तिथे राहिलेले गोरे निवृत्त पोस्टमन सोबत असतील, तेव्हाच शहराच्या सभेत तुमचं वजन पडेल.

तक्रार कुठे करायची

क्रम असा ठेवा. आधी मॅनेजरला लेखी पत्र. बैठकीची लेखी मागणी केली तर विशिष्ट विषयांवर व्यवस्थापनाला ३० दिवसांच्या आत रहिवाशांना भेटावं लागतं. सांडपाणी, विजेच्या तारा, रस्ते, आरोग्य आणि सुरक्षितता यांबद्दलची तक्रार गृहनिर्माण विभागाच्या मोबाइलहोम सहाय्य केंद्राकडे. भाडेकरार आणि रहिवाशांच्या हक्कांबद्दलच्या तक्रारीही १ जुलै २०२० पासून हाच विभाग घेतो आणि त्यांतल्या गंभीर प्रकरणांना मोफत कायदेशीर मदतीशी जोडून देतो. त्यासाठी प्रत्येक जागेमागे वर्षाला १० डॉलर घेतले जातात आणि ते बहुधा तुमच्याच बिलात असतात, तेव्हा ती सेवा मागायला संकोच नको. भाडेवाढीची तक्रार शहराच्या भाडे विभागाकडे.

पैशाचा वाद १२,५०० डॉलरपर्यंतचा असेल तर लघुवाद न्यायालयात वकिलाशिवाय जाता येतं. व्यवस्थापनाने जाणूनबुजून कायदा मोडल्याचं सिद्ध झालं तर न्यायालय प्रत्येक उल्लंघनामागे २,००० डॉलरपर्यंत जादा दंड देववू शकतं. सामायिक सोयींच्या देखभालीबद्दल दावा करायचा तर आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती विसरू नका. आणि हरणाऱ्याला समोरच्याच्या वकिलाची फी द्यावी लागू शकते. म्हणून मोठा दावा रागाच्या भरात नको, जाणकार वकिलाच्या सल्ल्यानेच.

या सगळ्यात तुमच्या बाजूने बोलेल ती फाइल: भाडेकरार, नियमावली, टायटल, प्रत्येक भाडेवाढीची नोटीस, भाड्याच्या पावत्या, बिलं, फोटो, पत्रव्यवहार. मॅनेजरशी तोंडी बोलणं झालं तरी त्याच दिवशी ‘आज आपण असं बोललो’ असा दोन ओळींचा ईमेल पाठवा.

कायदा बदलतो, शहरांचे नियम बदलतात. त्यामुळे मोठा निर्णय घेण्यापूर्वी कायद्याची ताजी पुस्तिका बघा आणि वकिलाला विचारा. पण तीन कामं याच महिन्यात करता येतील. आपला भाडेकरार काढून अथपासून इतिपर्यंत वाचा. अनामत परत मागायची मुदत झाली असेल तर पत्र टाका. आणि पार्कात संघटना नसेल तर शेजारच्या पाच घरांची दारं वाजवा, संघटना उभी करा आणि कलम ७९८.८० चं पत्र मालकाला पाठवा.